'लव्हर अवेकन्ड'ची शेवटची पानं नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जे. आर. वॉर्ड यांची 'ब्लॅक डॅगर ब्रदरहूड' ही व्हॅम्पायर मालिका इथे कुणी क्रमाने वाचली आहे का?

गेल्या महिन्यात ठाणे स्टेशनजवळ जुनी पुस्तकं मांडून बसणाऱ्या काकांकडून 'लव्हर अवेकन्ड' 80 रुपयांना घेतलं. हा तिसरा भाग, 2006 सालचा. घणसोलीला ऑफिसला जाता-येता लोकलमध्ये वाचत होते. परवा रबाळ्याला पान उलटलं तर पुढे एकदम मागचं कव्हर! शेवटची पानं बांधणीतून निसटलेली, वाळलेल्या गोंदाचे पिवळे कण तेवढे शिल्लक.

व्हॅम्पायर म्हणजे भीती, एवढंच धारप वाचून डोक्यात होतं. इथला नायक झसॅडिस्ट (उच्चार नक्की काय करायचा, तेही सांगा) शंभर वर्षं रक्ताचा गुलाम होता, म्हणजे दुसऱ्या व्हॅम्पायरला रक्त पुरवण्यासाठी बाळगलेला. चेहऱ्यावर वण, कुणी हात लावलेला सहन होत नाही. आणि त्याला लिहितावाचता येत नाही. तिथे मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले. माझी आई चाळिशीत सही शिकली. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर स्वतःचं नाव गिरवायची आणि आम्ही खोलीत आलो की पटकन पान उलटं करायची. त्यामुळे त्याची ती लाज मला फार जवळची वाटली.

रोज रात्री जेवताना वाचलेला भाग मी आईला मराठीत सांगते. आता गोष्ट अडकली आहे.

कृपया एवढं सांगा: मी आधी मागे जाऊन 'डार्क लव्हर' (2005) आणि 'लव्हर इटर्नल' वाचू का? नायिका बेलाला पळवून नेतात ते दुसऱ्या भागात आहे म्हणे, त्यामुळे तिसऱ्याच्या सुरुवातीला मी पार गोंधळले होते. शेलान म्हणजे बायको, हेलरेन म्हणजे नवरा, हे पुस्तकाच्या सुरुवातीला दिलेल्या शब्दसूचीत बोट घालून घालून पाठ झालं. मालिकेचे वीसच्या वर भाग आहेत, सगळे घेणं मला झेपणार नाही. बहुतेक भागांत जोडपं वेगळं असतं, मग मधले गाळले तर चालतील का? आणि झसॅडिस्ट-बेलावरची 'फादर माइन' ही छोटी कादंबरी 2008 च्या 'इनसायडर्स गाइड'मध्ये आहे, ती लगेच वाचावी की सहाव्या भागानंतर?

ठाणे ते वाशीदरम्यान कुणाकडे तिसऱ्या भागाची धड प्रत असेल तर दोन दिवसांसाठी द्याल का? कुठल्याही स्टेशनवर येऊन घेईन, कव्हर घालून परत करीन.

तोवर एकच उत्तर द्या, शेवट फुटला तरी चालेल. कालही ताट वाढताना आईने विचारलं, "मग शिकला का गं तो लिहायला?"