मदत हवी आहे : खलपात्राचे कुटुंबप्रेम प्रेक्षकाला कधी कळू द्यावे?

मी लिहीत असलेल्या मालिकेतला थोरला भाऊ घरातल्यांना एकमेकांविरुद्ध भडकवतो आणि निनावी पत्र पाठवून धाकट्या बहिणीचे ठरलेले लग्नही मोडतो. मात्र घर विखुरले तर आपण एकटे पडू, ही धास्ती त्यामागे आहे आणि बहिणीवर त्याचा खरोखरच जीव आहे. बालपणाचा फ्लॅशबॅक घालून पाहिला, तर तो बिचारा वाटू लागला. कबुलीचा संवाद लिहिला, तर ती निव्वळ सारवासारव झाली. त्यातल्या त्यात एकच प्रसंग जमला आहे : बहीण तापाने फणफणलेली असताना तो रात्री गजर लावून उठतो, तिला औषध देतो आणि सकाळी त्याचे श्रेय निमूटपणे बायकोला घेऊ देतो.

‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकी मालिकेतला, अमली पदार्थांच्या धंद्यात शिरलेला शिक्षक वॉल्टर व्हाइट कुटुंबाचे कारण पुढे करत राहतो आणि शेवटच्या भागात (२०१३) सारे स्वतःसाठीच केल्याचे पत्नीपाशी मान्य करतो; मला नेमके याच्या उलट हवे आहे. पात्र सुधारायचे नाही, स्वगतही वापरायचे नाही. अशा वेळी औषधाचा प्रसंग पत्राचे कारस्थान उघड होण्यापूर्वी दाखवावा की नंतर?