मदत हवी आहे : ८०० नॅनोमीटरच्या पुढची प्रतिदीप्ती कोठे मोजता येईल?

नमस्कार. नांदेड परिसरातील एका महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवतो. कर्करोगाची गाठ दाखवणाऱ्या प्रतिदीप्त (प्रकाश शोषून जास्त तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकणाऱ्या) रेणूंवर आमच्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प सुरू आहे. ८०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा प्रकाश हिमोग्लोबिन फारसा शोषत नाही आणि त्यामुळे तो ऊतींत खोलवर पोहोचतो, म्हणून आम्ही त्या पट्ट्यात चमकणारे इंडोसायनीन ग्रीन हे रंगद्रव्य निवडले. ते गाठीच्या पेशी नेमक्या ओळखत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले पॅफोलासियानीन हे रंगद्रव्य मात्र गाठीच्या पेशींवरील फोलेट-ग्राहीला (फोलेट हे जीवनसत्त्व पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटते (ते आमच्या आवाक्याबाहेरचे, हे वेगळे सांगायला नको). अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) मिसळल्यावर इंडोसायनीनची प्रतिदीप्ती किती वाढते, एवढेच आम्हाला मोजायचे आहे; परंतु आमच्या फ्लुओरीमीटरचा (प्रतिदीप्ती मोजणाऱ्या उपकरणाचा) डिटेक्टर त्या पट्ट्यात जवळपास निरुपयोगी ठरतो. मराठवाड्यात अशी सोय कोठे आहे आणि बाहेरच्या विद्यार्थ्यांना ती वापरू देतात का, हे जाणकारांनी कृपया कळवावे.