सल्ला हवा : मूल गेल्यानंतरच्या घराविषयीची कादंबरी

पानखूण

आमच्या वाचनगटात दर महिन्याला एक कादंबरी सर्वांनी वाचून यायचे आणि तिच्यावर बोलायचे असा प्रघात आहे. पुढच्या बैठकीसाठी गटातल्याच एका बाईंनी विषय सुचवला आहे : मूल गेल्यावर घराचे काय होते. त्यांचा मुलगा काही वर्षांपूर्वी गेला हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे, आणि विषय त्यांनीच काढलेला असल्यामुळे तो टाळणे बरे दिसणार नाही. त्यांची अट एकच आहे. आईचा शोक त्यांनी पुष्कळ वाचला आहे. त्या काळात बाप, भावंडे, सासू ही माणसे कुठे असतात, हे सांगणारे पुस्तक त्यांना हवे आहे.

मराठीत शोधू लागले की मन आधी गोविंदाग्रजांच्या 'राजहंस माझा निजला' या कवितेकडे जाते, पण ती कविता आहे आणि तिथेही आईच आहे. 'कोसला'त पांडुरंगाची धाकटी बहीण देवीने जाते ती पाने आमच्यापैकी अनेकांना अजून हलवून सोडतात; मात्र तो कादंबरीचा एक भाग झाला. इंग्रजी किंवा अनुवादित पुस्तकही चालेल. ओढूनताणून सांत्वन करणारे मात्र नको.

उत्तरवाट

तुमच्या अटीत चपखल बसणारी कादंबरी म्हणजे मॅगी ओ'फॅरेल यांची 'हॅम्नेट' (२०२०). शेक्सपिअरचा मुलगा हॅम्नेट अकरा वर्षांचा असताना गेला आणि ११ ऑगस्ट १५९६ रोजी स्ट्रॅटफर्डला त्याचे दफन झाले, एवढीच नोंद इतिहासात आहे. मृत्यूचे कारण कुठे लिहिलेले नाही. लेखिकेने ते प्लेग मानले आहे. शेक्सपिअर हे नाव मात्र पुस्तकात एकदाही येत नाही. तो कधी लॅटिनचा शिकवणीमास्तर असतो, कधी नवरा, कधी बाप. त्यामुळे थोर नाटककाराच्या दडपणातून वाचक सुटतो आणि हातमोजे करणाऱ्या एका कारागिराच्या एकत्र कुटुंबात जाऊन बसतो.

पुस्तकाचे दोन भाग आहेत. पहिल्यात आजारपणाचा दिवस आणि हॅम्नेटची आई ॲग्नेस हिच्या लग्नाची हकीकत आलटून पालटून येते. हा भाग मुलाच्या मृत्यूशी संपतो. दुसरा भाग सगळा त्यानंतरचा आहे आणि मला तोच खरा मोलाचा वाटतो. घरातून पत्र गेलेले असते ते हॅम्नेटची जुळी बहीण ज्युडिथ अत्यवस्थ असल्याचे. बाप धावत-पळत घरी पोहोचतो, ज्युडिथ समोर उभी दिसते, त्याचा जीव भांड्यात पडतो, आणि मग खोलीत झाकून ठेवलेल्या देहाकडे त्याची नजर जाते. सगळ्या घराला जे आधीच कळलेले आहे ते कळायला त्याला उशीर झालेला आहे, आणि नवरा-बायकोच्या दुःखातले हे अंतर पुढे शेवटपर्यंत भरून निघत नाही. ती त्याच घरात, त्याच जिन्याशी अडकून राहते. तो काही दिवसांतच लंडनला आपल्या कामावर परततो. आपल्याकडे असा माणूस कामाला लागला की लोक 'सावरला बिचारा' म्हणून मोकळे होतात. तो सावरला आहे की पळाला आहे, हा प्रश्न ॲग्नेस मनात धरून बसते आणि कादंबरी त्याचे उत्तर देण्याची घाई करत नाही.

सासूबद्दलही सांगायला हवे. मेरी आणि ॲग्नेस यांचे कधी पटलेले नाही. पण मुलाला अखेरचे न्हाऊ घालून कापडात गुंडाळायची वेळ येते तेव्हा तिथे मेरी असते, जिने स्वतःच्या तीन मुली मातीआड केलेल्या आहेत. त्या प्रसंगानंतरही दोघींचे गूळपीठ जमत नाही, हे लेखिकेने फार नेमके ओळखले आहे.

रेघोटी

'हॅम्नेट'विषयी माझे मत इतके अनुकूल नाही. दुसरा भाग उत्तम आहे हे मान्य, परंतु तिथे पोहोचेपर्यंत रान, ससाणा, मधमाश्या, झाडपाला आणि हात दाबून माणसाचे मन ओळखणारी नायिका यांचा इतका मारा होतो की मी पुस्तक दोनदा मिटून ठेवले होते. मुरानोच्या काचेच्या मण्यांतून आणि अलेक्झांड्रियाच्या माकडाच्या पिसवांतून प्लेग स्ट्रॅटफर्डपर्यंत कसा येतो, ते प्रकरण तेवढे अप्रतिम आहे.

माझी शिफारस जॉर्ज साँडर्स यांच्या 'लिंकन इन द बार्डो'ची (२०१७, बुकर पारितोषिक). लिंकनचा मुलगा विली २० फेब्रुवारी १८६२ रोजी विषमज्वराने गेला, तोही अकरा वर्षांचा. जॉर्जटाउनच्या ओक हिल दफनभूमीत बाप रात्री एकटाच परत येतो, आणि तिथले भुताखेतांचे मंडळ आपापसांत बोलत त्याच्याकडे पाहत राहते. बापाचे दुःख इतक्या जवळून मी अन्यत्र वाचलेले नाही, आणि ते अमेरिकेतल्या यादवी युद्धात मुलगे गमावणाऱ्या हजारो घरांपर्यंत जाते.

पानखूण

रेघोटी, आभार. पण यात घर कुठे आहे? आई तर वर खोलीत अंथरुणाला खिळलेली आहे, असेच मी या पुस्तकाविषयी ऐकले आहे.

रेघोटी

खरे आहे. घर त्यात नाही, बापच आहे. तुमच्या अटीला ते पुरत नाही, पण पुढेमागे जरूर वाचावे.

तिसरा मजला

महाश्वेतादेवींची बंगाली कादंबरी 'हजार चुराशीर मा' कोणीच कशी सुचवली नाही? मुलगा तिथे विशीतला आहे, नक्षलवादी चळवळीत मारला गेलेला ब्रती. म्हणून कदाचित तुमच्या डोळ्यांपुढे ती आली नसावी. परंतु 'बाकीचे घर कुठे होते' या प्रश्नाला इतके कठोर उत्तर मला दुसऱ्या पुस्तकात मिळालेले नाही. शवागारात ब्रतीला १०८४ हा क्रमांक मिळालेला असतो. बातमी कळताच वडील दिव्यनाथ धावपळ करतात ती मुलाचे नाव वर्तमानपत्रात येऊ नये म्हणून, आणि घरची मोटार काँटापुकुरच्या शवागारासमोर उभी राहू देत नाहीत, कारण कोणी ओळखेल. आई सुजाता एकटी जाते. पुढे ब्रतीच्याच स्मृतिदिनी त्या घरात बहिणीच्या साखरपुड्याची मेजवानी असते. गोविंद निहलानींचा १९९८ चा हिंदी चित्रपट अनेकांनी पाहिलेला असतो, तरी कादंबरी वाचावी. ती छोटी आहे.

अर्थात, ज्यांच्या घरी हे घडले आहे त्यांनी गटात बसून दिव्यनाथांवर चर्चा करावी का, याबद्दल मला शंका आहे. प्रत्येकाला आपल्या घरातले कोणी ना कोणी त्यात दिसेल.

उत्तरवाट

हीच शंका 'हॅम्नेट'लाही लागू आहे, म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. पहिल्या भागाचा शेवट, म्हणजे आजारपणाची अखेरची रात्र, आणि त्यानंतर लगेच येणारी देह न्हाऊ घालण्याची पाने, ही सर्वांत जड आहेत. तुमच्या सदस्य बाईंना हे आधी एकांतात सांगावे आणि ती पाने वाचायची की ओलांडायची हे त्यांच्यावर सोडावे. ओलांडली तरी पुढचे समजण्यात फारसे अडत नाही. बैठकीतली चर्चा दुसऱ्या भागापुरती ठेवली तर नवरा, सासू, थोरली सुझॅना आणि एकटी उरलेली ज्युडिथ या सर्वांवर बोलता येईल. सुझॅनाकडे विशेष लक्ष द्यावे. आई भानावर नसताना घराचा गाडा ओढणारी मुलगी बहुतेक कादंबऱ्यांत कोणाला दिसतच नाही. इथे ती दिसते आणि चिडलेलीही दिसते.

शेवटी ॲग्नेस लंडनला जाऊन मुलाच्या नावाचे नाटक पाहते, हे सांगून मी रहस्यभंग करतो आहे असे नाही. पुस्तकाच्या आरंभीच हॅम्नेट आणि हॅम्लेट ही एकाच नावाची दोन रूपे असल्याचे दिलेले आहे. क्लोई झाओ यांचा या कादंबरीवरचा चित्रपट गटातल्या कोणी पाहिला असेल, तर त्यांना बैठकीत शेवटी बोलायला सांगावे.

पानखूण

सर्वांचे आभार. बाईंशी आज बोलले. 'हॅम्नेट' ठरले आहे, आणि ती जड पाने त्या वाचणार आहेत. 'हजार चुराशीर मा' त्यांनी फार पूर्वी वाचलेली आहे. तिसरा मजला यांची शंका मी त्यांच्या कानावर घातली तेव्हा त्या म्हणाल्या की ती कादंबरीही घ्यावी, मात्र नंतरच्या महिन्यात, आणि त्या बैठकीला त्यांचे यजमानही येतील. तिसरा मजला, तिच्या मराठी अनुवादाची प्रत कुठे मिळेल हे ठाऊक असल्यास कृपया इथेच लिहावे. आम्हाला निदान चार प्रती लागतील.