मदत हवी आहे : सपाट तळवे आणि शॉर्ट फूट व्यायाम

बडोद्यात राहते, वय ४२. तळवे सपाट आहेत, पण चवड्यांवर उभं राहिलं की कमान दिसते. म्हणजे लवचीक प्रकार, असं ऑर्थोपेडिकनी सांगितलंय. मधुमेह नाही, जुनी दुखापत नाही. कमाटीबागेत फेऱ्या मारल्या की घोट्याच्या आतल्या बाजूला दुखतं. इनसोल आहेत, पण नवरात्रात गरबा अनवाणी, तिथे ते काय कामाचे! (गरबा सोडा, असं कृपया सांगू नका.)

बोटांनी टॉवेल गोळा करणं, टाचा उचलणं जमतं. अडतंय ते शॉर्ट फूटपाशी, म्हणजे बोटं न मुडपता तळव्याची कमान उचलण्याच्या व्यायामापाशी. अंगठ्याचं मूळ टाचेकडे ओढायला गेलं की बोटंच मुडपतात, नाहीतर तळव्यात गोळा येतो. खुर्चीत बसून केलं तरी तेच.

बोटं सैल ठेवून नुसती कमान उचलणं तुम्हाला कशानं साधलं? आणि उभ्यानं कधी सुरू करावं?