राईस मिलच्या संमती शुल्काची वाढ: निवेदनात मर्यादा नेमकी कशी मागावी?

धानपट्टा
नमस्कार. भंडारा-गोंदियातल्या मिलधारकांसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमती शुल्काबद्दल (मिल चालवायच्या परवानगीसाठी मंडळ घेतं ती फी) निवेदन तयार करायचं आहे. ‘फी वाढवू नका’ एवढ्यानं काही होत नाही. मर्यादा कोणत्या शब्दांत मागावी? मिली बहुतेक अरवा (न उकडलेल्या) तांदळाच्या, काही उष्ण्याच्या (उकड्या तांदळाच्या).

ताळेबंद
भाऊ, आधी फी कशावर बसते ते मांडा. आकारणी भांडवली गुंतवणुकीच्या टप्प्यांवर होते, आणि सीएच्या प्रमाणपत्रात घसारा वजा न केलेली रक्कम धरतात. समजा मिलची गुंतवणूक ९५ लाख आहे. ३० लाखांचं सॉर्टेक्स (रंगावरून खराब दाणे वेगळे करणारं यंत्र) बसवलं की सव्वा कोटी झाली. धान तेवढंच, धूळ तेवढीच, पण मिल वरच्या टप्प्यात जाऊ शकते. धूळ धरायला सायक्लोन (हवा फिरवून धूळ वेगळी करणारं यंत्र) लावला तर त्याचा खर्चही स्थिर मालमत्तेतच चढतो! प्रदूषण रोखण्याच्या यंत्रणेचा खर्च आकारणीतून वगळा, ही पहिली मागणी ठेवा.

दुसरी गोष्ट, नुसत्या दराला मर्यादा मागून उपयोग नाही. दर गोठला तरी यंत्रांच्या किमती वाढतात आणि नव्या मिली आपोआप वरच्या टप्प्यात जातात. जुन्या मिलच्या वहीत मात्र जुनीच किंमत असते, म्हणून तेवढ्याच क्षमतेच्या दोन मिलींची फी वेगळी निघते. टप्प्यांच्या रकमाही महागाईसोबत वर सरकवा, किंवा सरळ ताशी टन क्षमतेवर फी लावा, असं लिहा. माझ्या मते क्षमतेचा मार्ग जास्त न्याय्य आहे.

कलम_वाचा
टक्केवारी लिहिताना चक्रवाढ विसरू नका. वर्षाला ६ टक्के कमाल वाढ म्हणजे १० वर्षांत १.७९ पट, ४ टक्के म्हणजे १.४८ पट. आणि ज्यांनी अनेक वर्षांची फी एकदम भरली आहे त्यांच्याकडून मध्येच फरक मागू नये, हे वाक्य निवेदनात हवंच.

कायद्याचा आधार: शुल्क म्हणजे कर नव्हे, ते सेवेच्या बदल्यात घेतात. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठ प्रकरणात हा फरक केला. पण १९८३ च्या श्रीनिवास जनरल ट्रेडर्स निकालानं खर्च आणि फी यांचा रुपयाला रुपया मेळ मागता येत नाही, ढोबळ संबंध पुरेसा आहे, असं ठरवलं. म्हणून ‘आम्हाला काय सेवा मिळते’ एवढ्यावरच भर देऊ नका. जल कायदा १९७४ च्या कलम ३७ नुसार मंडळाचा स्वतःचा निधी असतो. माहिती अधिकारात १० रुपये भरून फीचं उत्पन्न, तपासणीचा खर्च आणि वर्षाअखेरची शिल्लक मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. शिल्लक वर्षानुवर्षं वाढत असेल तर तेच आकडे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आमदाराच्या प्रश्नात घालता येतील.

नाल्याकाठी
अरवा आणि उष्णा एकाच मागणीत कोंबू नका. अरवा मिलची मुख्य तक्रार धूळ. उष्ण्यात भिजवणीचं आंबलेलं पाणी नाल्यात जातं आणि बॉयलरची राख शेतावर पडते. १०० क्विंटल धानात साधारण २० क्विंटल तूस (धानाचं टरफल) निघतो, तो जाळला की ३ ते ४ क्विंटल राख उरते. तिथे पाण्याचे नमुने घ्यावेच लागतात आणि त्याला खर्च आहे. सरसकट मर्यादेनं तपासणी थांबली तर गावकरीच विरोधात उभे राहतील, आणि त्यांचं म्हणणं खरं असेल.

धानपट्टा
पटलं, दोन वेगळे भाग करतो. फी वाढायच्या आधी नूतनीकरणाचा अर्ज टाकून ठेवला तर?

कलम_वाचा
टाका, पण पूर्ण अर्ज टाका. जल कायद्याच्या कलम २५(७) प्रमाणे ४ महिन्यांत निर्णय झाला नाही तर संमती मिळाली असं धरतात, मात्र अर्ज सर्व बाबतींत पूर्ण असेल तरच. प्रमाणपत्रात सॉर्टेक्स दाखवलं नाही आणि फी कमी भरली तर हा फायदा जातो. १९८१ च्या हवा कायद्यात तर असं गृहीत धरण्याची तरतूदच नाही, तिथे मंजुरी हातात आल्याशिवाय धरून चालू नका.