रेमक्वोचा भागाकार पूर्ण नसतो

या चर्चेत वर एकांनी लिहिलंय की एफमॉडला (अपूर्णांक संख्यांच्या भागाकाराची बाकी काढणारं सी भाषेतलं फंक्शन) १.० आणि ०.१ दिले तर बाकी शून्याऐवजी ०.०९९९९९९९९९९९९९९५ येते, म्हणजे ते फंक्शनच बिघडलेलं आहे. हे पटत नाही. एफमॉडचं उत्तर अचूकच असतं. गोची आधीच झालेली असते: बायनरीत (० आणि १ या दोनच अंकांत) साठवलेला ०.१ खऱ्या ०.१ पेक्षा किंचित मोठा असतो, त्यामुळे तो १ मध्ये नऊ वेळाच बसतो आणि जवळजवळ एक अख्खा तुकडा उरतो. बाकी काढणारं दुसरं फंक्शन, रिमेंडर, भागाकार म्हणून सगळ्यात जवळचा पूर्णांक धरतं, म्हणून तिथे उणे ५.५५ गुणिले १० चा उणे १७ वा घात इतकीच बाकी मिळते.

चर्चेत रेमक्वो आलंच नाही, आणि मला तेच सगळ्यात उपयोगी वाटतं. सी९९ (सी भाषेचं १९९९ चं मानक) मधलं हे फंक्शन बाकीबरोबर भागाकारही देतं, पण पूर्ण नाही. चिन्ह आणि शेवटचे किमान ३ बिट (बायनरी अंक), एवढीच हमी. म्हणून तो आकडा पूर्ण भागाकार समजून पुढच्या हिशेबात वापरू नका. एका लायब्ररीवर चाललेला कोड दुसरीवर चुकेल. पण कोनांसाठी ३ बिट पुरून उरतात. अंशातला कोन ९० ने रेमक्वोत घाला: बाकी उणे ४५ ते ४५ मध्ये येते आणि भागाकाराचे शेवटचे २ बिट वर्तुळाचा कोणता चतुर्थांश ते सांगतात. मग १८० अंशांचा साइन नेमका शून्य येतो. आधी कोनाचे रेडियन (पाय वापरून मोजायचं कोनाचं माप) करून काढलात तर १.२२ गुणिले १० चा उणे १६ वा घात असा कचरा हाती लागतो. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या, बाकी काढणाऱ्या एफप्रेम१ सूचनेतही भागाकाराचे तीनच बिट मिळतात.