सीपीआर नको, हे कुणी आणि कधी ठरवायचं?

पारिजात: मी आयसीयूत सिस्टर आहे. कॅन्सर सगळीकडे पसरलेल्या, हाडांचा सापळा झालेल्या आजींचं हृदय थांबलं तरी आम्हाला छाती दाबून सीपीआर द्यावाच लागतो, कारण 'करू नका' असं फाइलवर कुणी लिहिलेलंच नसतं. मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 सेंमी खोल. बरगडी मोडते ते हाताला कळतं. धडधाकट माणसाचं हृदय अचानक बंद पडलं तर मी क्षणभरही थांबणार नाही. पण या आजींना त्यातून काय मिळतं? सीपीआर कधी करू नये, यासाठी 2020 मध्ये आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत. हे बोलणं पेशंट शुद्धीवर असतानाच व्हायला हवं.

घाटवाट: ताई, तुमची तळमळ कळते, पण मला हे पटत नाही. माझ्या काकांच्या फाइलवर तसं लिहिलं आणि राउंडचे डॉक्टर त्यांच्या कॉटपाशी थांबेनासे झाले. साधं तापाचं औषध मागितलं, तर 'यांचं आता काही करायचं नाहीये ना?' असं ऐकावं लागलं. शिवाय डिपॉझिट भरून कंगाल झालेल्या घराला 'तुम्हीच ठरवा' म्हटलं, तर निर्णय पैसाच घेणार.

सोलापुरी_तात्या: आमच्या वडिलांनी लिव्हिंग विल केलंय, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलंय. अशा विलला 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्यता दिली. आधी मॅजिस्ट्रेटची सही लागायची. 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. पण प्रसंग आला तेव्हा आत्या दारातूनच ओरडली, "अंग अजून गरम आहे, करा ना काहीतरी!" कागद माझ्या हातातच राहिला. म्हणून घरच्या सगळ्यांना आधी एकत्र बसवा.

पारिजात: घाटवाट, काकांच्या बाबतीत झाला तो निव्वळ हलगर्जीपणा. सीपीआर नको म्हणजे फक्त सीपीआर नको. अँटिबायोटिक, ऑक्सिजन, मॉर्फिन, कूस बदलणं, तोंड ओलं करणं, सगळं चालूच राहिलं पाहिजे. आणि स्पष्ट बोलणं टाळलं की काय होतं सांगू? नातेवाइकांना दाखवण्यापुरता सीपीआर होतो. ती पेशंटची आणि घरच्यांची, दोघांचीही फसवणूक आहे. मला तो बघवत नाही.

घाटवाट: तो खोटेपणा बंद व्हायलाच हवा, मान्य. पण मग काय चालू ठेवायचं ते त्याच कागदावर ठळक लिहा, खाली मोठ्या डॉक्टरांची सही घ्या आणि एक प्रत आमच्या हातात द्या. तोवर मी माझ्या आईसाठी सही करणार नाही.